खांद्याचं गाऱ्हाणं

२४ मार्च २०२५
पावस रस्ता, रत्नागिरी

सानिका,

शेडमध्ये मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: निशाणाचा कागद नेणारा-आणणारा गाडा, सायकलच्या दोन हबवर, जाळ्याच्या नायलॉन दोरीने ओढलेला, शिवणयंत्राच्या मोटरवर चालणारा. बटण दाबलं की कागद दहा मीटरवरून येतो आणि थांबताना डुलत नाही. डुलू नये यासाठी मला दोन वर्षं लागली. छर्रे अडवायची पेटी, आतून तिरक्या पत्र्याची, म्हणजे छर्रा उलटा येत नाही. कागदावर कुठूनही सावली न पाडणारी दिव्यांची पट्टी. ट्रिगर तपासायचं पाचशे ग्रॅमचं पितळी वजन, लेथवर काढलेलं आणि सोनाराच्या काट्यावर तोलून घेतलेलं. डाव्या डोळ्यावरची झापड, आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची. आणि पिस्तुलाची मूठ, फणसाच्या लाकडाची, तीन वेळा, कारण तुझा हात वाढत गेला. पिस्तूल विकत घेतलेलं आहे, म्हणून ते यात धरलेलं नाही.

मूठ तुझी. ती दुसऱ्या कुणाच्या हातात बसणार नाही. बाकीचं ठेवायचं की मोडायचं ते कळव. आंब्याचा हंगाम तोंडावर आहे आणि बागवाले पंपांच्या दुरुस्तीसाठी जागा मागतायत. घाई नाही, पण कळव.

तू गेलीस त्या सकाळी मला पावसला एक पंप बसवायचा होता, नाहीतर स्टँडवर सोडायला आलो असतो.

जाताना तू आईला सांगून गेलीस की वाडीला खरं सांगितल्याशिवाय बाबांनी मला फोन करू नये. ठीक आहे. करत नाही. पत्र लिहू नये असं तू म्हणाली नाहीस, मी आईला दोनदा विचारून खात्री केली आहे.

खांद्याचं मी जे बोललो ते तुझ्याच भल्यासाठी, एवढं तू ध्यानात घे. राज्यात पदक आणलेली पोरगी अचानक पिस्तूल ठेवते, कारण काय तर मन लागत नाही. हे इथे कुणाला सांगायचं? लोक काय काय अर्थ काढतात तुला माहीत नाही. खांदा दुखावला म्हटलं की विषय संपतो. दुखण्याला कुणी नावं ठेवत नाही.

बेकरीत काम धरलंस असं आई म्हणाली. ओव्हन कुठल्या कंपनीचा आहे? थर्मोस्टॅट फसवे असतात. आत वेगळं थर्मामीटर ठेवून पाहावं.

बाबा


९ एप्रिल

सानिका,

उत्तर आलं नाही. पुण्याला पत्र पोचायला इतके दिवस लागत नाहीत, तेव्हा मिळालं असणार.

मागच्या पत्रात एक चूक आहे. पावसला पंप नव्हता. मी शेडमध्ये स्टुलावर बसलो होतो. तुझी बॅग ओट्यावरून उचलल्याचा आवाज आला, मग फाटकाची कडी वाजली. ती कडीही मीच केलेली आहे, दाबून धरल्याशिवाय लागत नाही. तू दाबून धरलीस. म्हणजे रागात निघालेली माणसं फाटक आपटतात तसं तू केलं नाहीस, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

आई माझ्याशी कामापुरतं बोलते. काल जेवताना म्हणाली, "तुम्ही यंत्राला कधी खोटं सांगितलंत का? मग पोरीच्या बाबतीत बरं सुचलं." मी म्हटलं, यंत्राला शेजारी नसतात. तिने ताट उचललं.

खोटं कसं सुरू झालं ते एकदा नीट लिहून काढतो. तुला ते कापलेल्या तुकड्यांत कळलं असेल, मला सलग मांडू दे.

जानेवारीत मी हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट घेत होतो. तिथे आत्माराम भेटला. तो आपल्या वाडीचा मानकरी, आणि वाडीच्या पोरांचा त्याला पहिल्यापासून अभिमान. त्याने विचारलं, "काय मेस्त्री, सानिका पेपरात दिसत नाय ती?" सगळं दुकान ऐकत होतं. माझ्या तोंडून निघालं, "खांदा." एवढंच. त्याने तोंड असं वाकडं केलं की जणू त्याचाच दुखतोय. म्हणाला, कुठचा? मी म्हटलं, उजवा. मग घरी येऊन मी इंटरनेटवर पाहिलं की नेमबाजांच्या खांद्यात नक्की कुठला स्नायू जातो, कारण पुढे कुणी विचारलं तर उत्तर बरोबर हवं. पुढच्या आठवड्यात मी त्या स्नायूचं नाव सांगत होतो. हात कुठपर्यंत वर जातो, कुठे अडतो, ते करून दाखवत होतो. खोटं बोलतानाही मी माप सोडलं नाही. खरं सांगायचं तर मला ते जमतंय याचं थोडं बरंही वाटत होतं.

मग ते स्थानिक पेपरात आलं. "दुखापतीमुळे विश्रांती." ते मी पाठवलं नव्हतं. पण फोन आला तेव्हा स्नायूच्या नावाचं स्पेलिंग मीच सांगितलं.

तू जानेवारीतच पुण्याला गेली होतीस, तुला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं शिमग्यापर्यंत लोक विसरतील.

बाबा


२८ एप्रिल

सानिका,

तुझा आईला आलेला निरोप तिने मला मोबाईल समोर धरून वाचायला लावला. "बाबांना सांग, खांदा बरा आहे." मी दोनदा वाचला. आई म्हणाली, काही कळवायचंय का? मी म्हटलं नाही.

पालखीबद्दल मी अजून लिहिलं नाही. ते टाळतोय असं तुला वाटत असेल. टाळतच होतो.

शिमग्याला तू घरी आली होतीस. देवीची पालखी आपल्या अंगणात टेकली तेव्हा तू आईबरोबर ओटीचं ताट घेऊन दारात उभी होतीस. हिरवी साडी. दरवर्षी आत्माराम गाऱ्हाणं घालतो ते घरातल्या गुरांचं, पिकाचं, मुंबईला असलेल्यांचं. त्या दिवशी त्याने डोळे मिटले आणि माझ्याकडे न बघता सुरू केलं. "बा महाराजा, ह्या बाबू मेस्त्रीच्या लेकीचा उजवा खांदा दुखावलाय. त्याचेवर तुझी नजर असू दे. तिला परत मैदानात उभी कर रे महाराजा." आणि सगळी वाडी म्हणाली, "व्हय महाराजा."

मी त्याला सांगितलं नव्हतं गाऱ्हाण्यात घाल म्हणून. त्याने प्रेमाने घातलं. मी थांबवू शकलो असतो. आत्माराम, राहू दे, एवढे दोन शब्द. त्याऐवजी मी "व्हय महाराजा" म्हटलं, आणि आवाज खाली राहिला तर कुणाला शंका येईल म्हणून जरा चढ्या आवाजात म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या हातातलं ताट हललंसुद्धा नाही. तो स्थिर हात मीच घडवला होता.

पालखी पुढच्या घरी गेल्यावर तू म्हणालीस, "बाबा, माझ्या खांद्याला काय झालंय?" मी म्हटलं, आत चल, लोक आहेत. यापेक्षा वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं.

आता पुढचं. तू गेल्यापासून काय काय चाललंय ते तुला कळलं पाहिजे, आणि कळल्यावर तू हसशील किंवा आणखी चिडशील, दोन्ही चालेल.

वजीरने मस्कतहून खांद्याचा पट्टा पाठवला. बोटीच्या इंजिनावर आम्ही दोघं एकत्र काम शिकलो, आता तो तिकडे मोठ्या जहाजावर आहे, तरी त्याला कुणीतरी सांगितलं. पट्टा चांगला आहे, निओप्रीनचा, शिवण दुहेरी. घेऊन आली ती त्याची मुलगी अमरीन. तुझी मैत्रीण म्हणजे तिला सगळं माहीत आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिने पिशवी टेबलावर ठेवली, दुपट्टा सावरला आणि अगदी सरळ तोंडाने म्हणाली, "अब्बांनी पाठवलाय, काका. तुम्हीच वापरा." चहा घेतला नाही.

आणि सखूआत्या. तिला हे सांगायला मला सगळ्यात जड जातंय, म्हणून तुला आधी लिहितो. तुझ्या आत्याने तुझा खांदा बरा होईपर्यंत मासे सोडले आहेत. सखूने. जी बांगड्याच्या वासावरून तो कधी पकडला ते सांगते. मागच्या रविवारी आईने सुरमई केली होती आणि आत्या आली. आम्ही तिघं जेवायला बसलो. तिने डाळ घेतली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू खा बाबू, तू कशाला बघतोस माझ्या तोंडाकडे, नवस माझा हाय." मी दोन तुकडे खाल्ले. गिळले म्हणणं जास्त बरोबर.

गणपतीपुळ्याच्या डोंगराला तिने अनवाणी प्रदक्षिणाही घातली, हे मला नंतर कळलं. तिचा डावा गुडघा कसा आहे तुला माहीत आहे.

हे सगळं होत असताना मी काय केलं? शेडमध्ये गाड्याच्या चाकांना तेल दिलं. कागद लावला, बटण दाबलं, कागद गेला, परत आला. मधोमध कोरा.

बाबा


७ मे

सानू,

डिसेंबरातला आपला प्रवास मला सारखा आठवतो. दिल्लीहून परतताना कोटा मागे पडल्यावर तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "बाबा, दहा लागला तरी मला काही वाटत नाही. सात लागला तरी नाही." मला काय वाटलं ठाऊक आहे? आनंद झाला. बारा वर्षांची होतीस तेव्हापासून मी तुला हेच सांगत आलो. दहा लागला तरी मनात काही नको, सात लागला तरी नको, पुढचा छर्रा. मला वाटलं, साधलं. मी म्हणालो, "मग झालीस की तयार." आणि रतलामपर्यंत तुला ट्रिगरवरच्या दाबाबद्दल सांगत बसलो. तू ऐकत होतीस. नंतर लक्षात आलं की तू ऐकतही नव्हतीस.

जानेवारीत तू पुन्हा सांगितलंस, शेडच्या दारात, पिस्तूल पेटीत ठेवून. काही दिवस तरी थांबते, म्हणालीस. कायमचं सोडते असंही तू म्हणाली नव्हतीस. थांबते, म्हणालीस. माणूस चढावर थांबतो तसं. मी म्हटलं, थांबणारे परत येत नाहीत. हे मी कुठल्या आधारावर म्हटलं? मी तर आयुष्यात एकही स्पर्धा खेळलेलो नाही.

तेही लिहूनच टाकतो. प्रत्येक स्पर्धेत मी प्रेक्षकांच्या खुर्च्यांत बसायचो. दोरीच्या आत प्रशिक्षकांना जाता येतं, त्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं. माझ्याकडे दहावीचंही प्रमाणपत्र नाही, मग प्रशिक्षकाच्या कोर्सला कोण घेणार? तू नेम धरायचीस आणि मी दोरीच्या बाहेरून तुझ्या खांद्याकडे बघायचो. तुझा खांदा जरा वर गेला की मला तिथून कळायचं. मी शिट्टी वाजवू शकत नव्हतो, खूण करू शकत नव्हतो. तू मात्र न बघता खांदा खाली घ्यायचीस. लोकांना वाटायचं पोरीला कुणीतरी मोठ्या ठिकाणी शिकवलंय. त्यांना असं वाटू देणंही मला आवडायचं, आणि मीच शिकवलंय हे सांगायलाही. म्हणून तू पिस्तूल ठेवलंस तेव्हा खोटं बोलण्यासाठी माझ्या तोंडात खांदाच आला, याचं मला आता नवल वाटत नाही.

लाज तुझी वाटली नाही. तू खेळत नाहीस म्हटल्यावर मी पुन्हा नुसता पंपवाला झालो, त्याची वाटली.

आज एक गृहस्थ येऊन गेले, संदेश शिवलकर. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला त्यांचं रिसॉर्ट आहे. शेड बघितली, गाडा चालवून बघितला, आणि म्हणाले, हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत? काही बोलणं झालं. त्याबद्दल नंतर लिहीन.

मी आत्मारामकडे जाऊन आलो. एकट्याला सांगितलं, त्याच्या पडवीत, त्याची बायको आत असताना. मला वाटलं होतं तो एकट्याने ऐकून घेईल आणि मिटेल. तो काही वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "मेस्त्री, तू खोटा बोललास तो तुझा तू बघ. पण तू तो माझ्या तोंडातून देवीसमोर घातलास." मी म्हटलं, आत्माराम, माझी चूक झाली. तो म्हणाला, माझ्याकडे कबूल करून काय उपयोग, मी एकट्याने थोडंच मागितलं? सगळ्या वाडीने मागितलंय. ज्यांनी "व्हय" म्हटलं त्यांच्यासमोर ते मागे घ्यायला लागेल. वाडीच्या पूजेला सगळे जमतात, मुंबईवालेही येतात, तेव्हा उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

मी म्हटलं, मुंबईवाल्यांसमोर?

तो म्हणाला, "गाऱ्हाण्याला काय ते नव्हते? व्हिडिओवर होते. त्यांनीही म्हटलानी."

पूजा सतरा तारखेला आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुला कळवतोय कारण कळवलं की मागे फिरणं अवघड जाईल. हे पत्र टाकायला मी आता पोस्टात जातोय, पायी, म्हणजे वाटेत विचार बदलायला वेळ मिळेल आणि तरीही टाकलं तर ते खरं.

बाबा


१८ मे

सानू,

सांगितलं.

सगळं लिहितो. मी किती शूर होतो असं त्यातून वाटलं तर पत्र फाडून टाक, कारण मी नव्हतो. काल सकाळी मी आईला म्हणालो, माझं पोट बिघडलंय. तिने ओव्याचा डबा समोर ठेवला आणि माझा सदरा इस्त्री केला.

देवळासमोरच्या मांडवात सगळे होते. आरती झाली, प्रसादाला अजून वेळ होता, पोरं खुर्च्या सरकवत होती. आत्मारामने माझ्याकडे बघून मान हलवली. मी उभा राहिलो. मी वाक्यं पाठ केली होती, कागदावर लिहून, मोजून. पहिलंच वाक्य विसरलो. मग जे आलं ते असं: "सानिकाच्या खांद्याला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. तिला नेमबाजी नकोशी झाली म्हणून ती थांबली. मला ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी खांदा सांगितला."

मांडवात पंख्याचा आवाज होता, तो डावीकडचा पंखा बेअरिंगमध्ये गेलाय. मुंबईवाल्यांतला एक तरुण हसला, त्याच्या बापाने त्याच्याकडे पाहिलं. मी सखूकडे बघत नव्हतो, पण तीच उठली. तिला उठायला गुडघ्यामुळे वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळे तिच्याकडे बघत राहिले. म्हणाली, "बाबू, सुरमईचा सगळा हंगाम गेला माझा." काही बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे पोरीचा खांदा चांगला हाय?"

मी म्हटलं, चांगला आहे.

"दुखत बिखत नाय?"

नाही.

"मग बरा झाला की," म्हणाली, आणि बसली. आणि सानू, मांडवात सगळे तेच म्हणायला लागले. बरा झाला. काय नाय ना झालेला, मग बरा झाला. खालच्या घरची म्हातारी तर हात जोडून देवीकडे बघून म्हणाली की पावली. तिला वाटलं गाऱ्हाणं फळलं. मी तिला समजावायला जाणार होतो, आईने माझा सदरा मागून धरला.

तू खेळत का नाहीस, हे कुणीच विचारलं नाही. जानेवारीपासून ज्या प्रश्नाला घाबरून मी स्नायूंची नावं पाठ करत होतो तो प्रश्न कुणाच्या मनातच नव्हता. त्यांना एवढंच हवं होतं की तुला दुखू नये. मला वाटलं होतं लोक थुंकतील. ते थुंकले असते तर सोपं गेलं असतं.

मग आत्मारामने नवं गाऱ्हाणं घातलं. त्याने माझी भीड ठेवली नाही. "बा महाराजा, ह्या मेस्त्रीनं आमच्या तोंडातून खोटा वदवलान, त्येची माफी कर. पोरगी दमलीय. तिला जा काय करायचा असंल ता करू दे. आनि ह्या मेस्त्रीला वाईच अक्कल दे रे महाराजा." शिमग्याला तुझ्या खांद्यासाठी जेवढा झाला नव्हता तेवढा आवाज माझ्या अकलेसाठी झाला. सगळ्यात मोठा तुझ्या आईचा.

मीही म्हटलं. या वेळी हळू.

सखू काल संध्याकाळी घरी आली. मला वाटलं बोलेल, पण ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आईला विचारलं, काय हाय? सौंदाळे होते. तिने पाटावर बसून खाल्ले, एकेक काटा काढून, आणि मला वाढायला लावलं. जाताना म्हणाली, "अनवाणी चाललेय त्याचा काय करणार तू? चाल परत देणार?" तिच्या चपलांना मी नवे पट्टे लावून देतोय. ते उत्तर नाही, मला माहीत आहे.

अटीप्रमाणे आता मला फोन करता येईल. सकाळपासून मोबाईल टेबलावर आहे आणि मी पत्र लिहितोय. कारण एक गोष्ट राहिली आहे आणि फोनवर सांगायला गेलो तर ती बढाई होईल. मला माझा आवाज माहीत आहे.

तुला विचारलं होतं की शेडमधल्या वस्तूंचं काय करायचं. ते उत्तर आता देऊ नकोस. अमरीनने ती शिकवते त्या शाळेतल्या मुली आणायचं विचारलंय, सुट्टीत, नुसतं बघायला. मी हो म्हटलंय. तू आलीस आणि तुला शेडकडे पाहावंसं वाटलं नाही तर पाहू नकोस. मागच्या दाराने ये. मी ते दार मोकळं करून ठेवलंय, तिथे पंपांचे सुटे भाग असायचे.

संदेश शिवलकर आज सकाळी पुन्हा आले होते. पूजेतलं त्यांच्या कानावर गेलं होतं. मला वाटलं आता ते मागे हटतील, पण ते म्हणाले, "अहो मेस्त्री, वाडीतलं वाडीत राहील. बोर्डावर आपण खांदाच ठेवू. लोकांना गोष्ट लागते. दुखापतीवर मात करून उभी राहिलेली मुलगी, बाजूला तिला घडवणारा बाप." रिसॉर्टवरच्या रेंजच्या उद्घाटनाला तू यायचंस, एक छर्रा मारायचास, फोटो. बाकी सगळं ते बघणार. माझ्या कोर्सचं, ओळखपत्राचंही ते बघणार होते, त्यांची वर ओळख आहे.

मी त्यांना चहा दिला. शेडच्या दारात उभं राहून ते आत बघत होते आणि मी त्यांच्या मागून आत बघत होतो, आणि मला सगळं दिसत होतं, सानू. पांढऱ्या भिंती, गुण दाखवणारे यंत्राचे पडदे, दोरीच्या आतली खुर्ची. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात तिच्यात बसूनही पाहिलं. मग म्हटलं, मुलीला विचारावं लागेल. ते म्हणाले, विचारा. आणि मला कळलं की मी तुला विचारणारच नव्हतो, मी तुला पटवणार होतो, रतलामपर्यंत. म्हणून तिथेच नाही म्हणालो. ते गाडीत बसेपर्यंत मी नाही म्हणालो होतो हे मलाच खरं वाटत नव्हतं.

हे तुला कळावं म्हणून लिहीत नाही. नाही, तेही खोटं. कळावं म्हणूनच लिहितोय. त्यांनी देऊ केलेलं असं होतं: दहा लेनची बंदिस्त रेंज, दारावर माझ्या नावाची मुख्य प्रशिक्षक अशी पाटी, गळ्यात ओळखपत्र, आणि पहिली तीन वर्षं महिना पंचावन्न हजार रुपये. मी नको म्हटलं.

बाबा